पोटावरची चरबी हॉर्मोन बनवते, मग जेल कशाला?

डॉक्टर मॅडम, स. न.

मी उदगीर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. वय ५२, उंची पाच फूट, वजन ७८ किलो. बीपीची गोळी चालू आहे. पाळी जाऊन दोन वर्षं झाली आणि तेव्हापासून अंगातून नुसत्या वाफा निघतात. पोरांना खिचडी वाढता वाढता एकदम घाम फुटतो, पदर ओला होतो, बायका बघत राहतात. रात्री तीन-तीनदा जाग येते. सहा महिन्यांपूर्वी लातूरच्या डॉक्टरांनी मांडीला लावायचं हॉर्मोनचं जेल आणि रात्री घ्यायची एक कॅप्सूल लिहून दिली. जेलनं लई फरक पडला. कॅप्सूलनं मात्र गुंगी येते, सकाळी डोकं जड राहतं, म्हणून चार महिन्यांपासून ती सोडली. (मागच्या महिन्यात दोन दिवस डाग लागले होते, पण ते काही विशेष नाही.)

माझी मुलगी नांदेडला बी. फार्मसी करते. ती म्हणते, पाळी गेल्यावर बाईच्या अंगातली चरबीच हॉर्मोन बनवते. मग माझ्या पोटावर एवढी चरबी असताना मला बाहेरून घ्यायची गरज काय? जाऊबाई म्हणतात, हे हॉर्मोन चरबीत साठत जातं, बाई फुगते आणि पुढं कॅन्सर होतो. नणंद केज तालुक्यात दिलेली आहे, ऊसतोडीला जायची. तिची पिशवी ३१व्या वर्षीच काढली. तिला हॉर्मोनची एकच गोळी आहे, कॅप्सूल नाही. ती म्हणते, तूही पिशवी काढून टाक, एकाच औषधात भागेल. खरं काय ते सांगा. चरबीतलं हॉर्मोन तपासायची काही टेस्ट असते का?

तुमची एक वाचक

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही कंसात लिहिली आहे. तीस वर्षं ओपीडीत बसून मी एक शिकले. बाई गुडघ्यांबद्दल दहा मिनिटं बोलते, उठून दारापर्यंत जाते आणि मग मागं वळून म्हणते, ‘अजून एक होतं, पण जाऊ द्या.’ ते ‘जाऊ द्या’ मी कधी जाऊ देत नाही.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर लागलेला डाग एक दिवसाचा असो, फिकट असो, तो तपासावाच लागतो. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. तुमच्या बाबतीत तर ते समोरच दिसतंय, चार महिने जेल चालू आणि कॅप्सूल बंद. तरी अंदाजावर सोडायचं नाही. या आठवड्यात लातूरला जा आणि डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा, डाग लागल्याची आणि कॅप्सूल सोडल्याची. दुसरी सांगायला संकोच वाटेल, तरी सांगा. डॉक्टर योनिमार्गातून सोनोग्राफी करून पिशवीच्या अस्तराची जाडी मोजतील. अस्तर ४ मिलिमीटरपर्यंत पातळ असलं तर बहुधा चिंता नसते. जाड असलं तर छोटा नमुना तपासायला पाठवतात. औषध चालू असलेल्या बाईत हा हिशेब थोडा बदलतो, तो डॉक्टरांवर सोडा. तोवर एकटं जेल लावू नका. वाफा परत येतील, आठ दिवस त्रास होईल, तेवढा सोसा. आणि तपासणीआधी आपल्या मनानं कॅप्सूलही पुन्हा सुरू करू नका. तिनं नवा रक्तस्राव होऊ शकतो, मग कुठला डाग कशाचा हेच कळेनासं होतं.

आता तुमच्या प्रश्नांकडे येते. तुमची मुलगी खरं बोलते आहे, फक्त अर्धं.

आपल्या भागातली गोष्ट घेऊ. अंडाशय म्हणजे साखर कारखाना. पंचवीस-तीस वर्षं त्याचा गळीत हंगाम चालतो आणि तो इस्ट्राडायॉल नावाचं पक्क्या दर्जाचं हॉर्मोन बाहेर पाठवतो. आपल्याकडच्या बायकांत साधारण ४६-४७च्या आसपास हंगाम संपतो आणि धुराडं थंड होतं. पण शिवारातला ऊस काही एकदम संपत नाही. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथी अँड्रोस्टेनडायोन नावाचा कच्चा माल रक्तात सोडतच राहतात. हे पुरुषी हॉर्मोनांच्या कुळातलं, पण बाईच्या अंगात ते जन्मभर असतं. हा माल विकत घेणारी गुऱ्हाळं म्हणजे चरबीच्या पेशी. त्यांच्यात अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते या मालाचं इस्ट्रोन करतं. इस्ट्रोन हाही इस्ट्रोजेनच, म्हणजे इस्ट्राडायॉलसारखाच बायकी हॉर्मोनांच्या कुळातला, पण इस्ट्राडायॉलपेक्षा बराच कमजोर. साखरेच्या जागी गूळ म्हणा. त्यातल्या थोड्या भागाचं पुढं चरबीतच इस्ट्राडायॉलही होतं. रक्तात फिरणारं सल्फेट जोडलेलं इस्ट्रोनसुद्धा चरबी ओढून घेते, सोडवते आणि वापरते. म्हणून पाळी गेलेल्या बाईच्या रक्तात जेवढं इस्ट्रोजेन सापडतं, त्याच्यापेक्षा चरबीत जास्त सापडतं.

चरबी जास्त, तेवढी गुऱ्हाळं जास्त. वय वाढतं तसं हे एन्झाइमही वाढतं. तेव्हा पाच फूट उंचीच्या आणि ७८ किलो वजनाच्या बाईच्या अंगात, तिच्याच वयाच्या वाळक्या बाईपेक्षा जास्त इस्ट्रोजेन बनतं, हे खरं आहे.

मग वाफा का येतात? यायलाच नकोत, असं तुमच्या मुलीला वाटणार. एकेकाळी डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. पण अमेरिकेत ‘स्वान’ नावाच्या अभ्यासात हजारो बायकांचा या वयात वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा पाळी जाण्याच्या आसपासच्या काळात जाड बायकांनाच वाफांचा त्रास जास्त दिसला. त्याच अभ्यासात वाफांचा सगळा काळ धरून मध्यक ७.४ वर्षं निघाला, निम्म्या जणींचा त्याहून कमी आणि निम्म्यांचा जास्त. म्हणजे ‘वर्षभरात जाईल आपोआप’ हा सासूबाईंचा दिलासा सगळ्यांना लागू पडत नाही.

यामागं मुख्य कारणं दोन. चरबी ही गोधडीसुद्धा आहे, ती अंगातली उष्णता बाहेर पडू देत नाही. आणि वाफा मेंदूत सुरू होतात. तिथं तापमान सांभाळणारं जे केंद्र आहे, त्याला तीस वर्षं इस्ट्राडायॉलच्या चढउताराची सवय झालेली असते. ते गेलं की केंद्र हळवं होतं. एरवी अंगाचं तापमान जरा वर-खाली झालं तर ते दुर्लक्ष करायचं, आता एवढ्या-तेवढ्यानं घाबरतं आणि घामाचे नळ सोडून देतं. त्यात चैत्र-वैशाखात पारा ४२च्या वर आणि दुपारचं भारनियमन. या केंद्राची समजूत घालायला शिवारातला गूळ पुरत नाही. जेल लावल्यावर तुम्हाला लई फरक पडला, तो उगीच नाही. जेलमध्ये थेट इस्ट्राडायॉल असतं, कारखान्याचाच माल.

पण गुऱ्हाळांचा माल कुचकामी आहे असं समजू नका. तो बराचसा बनतो तिथंच वापरला जातो. स्तनात दुधाच्या नळ्यांना लागून चरबीच असते, म्हणजे गुऱ्हाळाशेजारचीच वस्ती. जे उरतं ते रक्तात उतरतं आणि पिशवीच्या अस्तरापर्यंत पोचतं. पाळी गेल्यानंतर स्थूल बायकांत स्तनाचा आणि पिशवीच्या अस्तराचा कर्करोग जास्त दिसतो, त्याच्या कारणांपैकी एक मोठं कारण हे. तुमच्या गावात स्तनाचं ऑपरेशन झालेली आणि रोज लेट्रोझोल किंवा अनास्ट्रोझोल घेणारी कुणी असेल. ती गोळी काय करते? अरोमाटेज बंद पाडते, सगळ्या गुऱ्हाळांना एकदम टाळं. आणि माझ्याकडे येणाऱ्या अशा बायकांची पहिली तक्रार कोणती, तर वाफा. साठीच्या बाईला, जिच्या वाफा कधीच थांबल्या होत्या, तिला परत वाफा! म्हणजे चरबीतलं ते थोडकं हॉर्मोनही अंगाला कळत होतं.

एवढं सांगायचं कारण तुमची कॅप्सूल आहे.

वाफांच्या हिशेबात चरबीचं हॉर्मोन कमी पडतं, पिशवीच्या हिशेबात ते जमेस धरावं लागतं. तुमच्या अस्तराला एकीकडून चरबीचा गूळ मिळतोय, दुसरीकडून जेलची साखर. इस्ट्रोजेनचं काम अस्तर वाढवणं. ते आवरायचं, ‘आता बस’ म्हणायचं काम प्रोजेस्टेरॉनचं, आणि ते तुमच्या कॅप्सूलमध्ये आहे. पाळीच्या वयात अंडाशयच ते दर महिन्याला पुरवायचं. चरबी इस्ट्रोजेनचा भार वाढवते, त्याला आवरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनची भरपाई करत नाही. म्हणून जाड बाईनं कॅप्सूल चुकवणं बारीक बाईनं चुकवण्यापेक्षा जास्त जोखमीचं.

किती जोखमीचं? नव्वदच्या दशकात अमेरिकेत ‘पेपी’ नावाची तीन वर्षांची चाचणी झाली. पिशवी असलेल्या ज्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन गोळीतून दिलं, त्यांच्यातल्या ३४ टक्के बायकांच्या अस्तरात काळजी करावी अशी वाढ झाली. ज्यांना औषध नसलेली गोळी दिली, त्यांच्यात हे प्रमाण १ टक्का होतं. इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध दिलं, तिथं अस्तर सांभाळलं गेलं. तुमचं जेल आणि ती गोळी एक नाहीत, मात्राही वेगळी आणि काळही चारच महिन्यांचा. तेव्हा हे आकडे वाचून रात्रभर जागू नका. पण ‘कॅप्सूल नाही घेतली तर काय बिघडतं’ याचं उत्तर यात आहे.

गुंगीचं सांगते. प्रोजेस्टेरॉनचा तो गुणच आहे. पोटात गेल्यावर यकृतात त्याचे जे तुकडे होतात, त्यातले काही मेंदूला झोप आणतात. म्हणून ती रात्री लिहून दिलेली असते. तुम्ही नेमकी कधी घेत होता ते पत्रात नाही, पण मालिका संपल्यावर साडेअकराला घेऊन पाचला उठत असाल तर सकाळी डोकं जड राहणारच. तपासणी होऊन ती परत सुरू झाली तर नऊला घ्या आणि दहाला अंथरुणावर पडा. कित्येक बायका मला सांगतात, या कॅप्सूलनं वर्षांनंतर सलग झोप लागली. तरीही सोसत नसेल तर डॉक्टर तीच कॅप्सूल योनिमार्गातून ठेवायला सांगू शकतात, किंवा महिन्यातले ठरावीक दिवसच देऊ शकतात, किंवा त्या जातीचं दुसरं औषध देऊ शकतात. पर्याय पुष्कळ आहेत. सोडून देणं मात्र त्यात बसत नाही.

आता जाऊबाईंचं. त्यांचंही अर्धंच खरं.

फोडणीत हळद घातली की ती तेलात कशी उतरते, पाण्यात तशी उतरत नाही. लैंगिक हॉर्मोनं तशीच, तेलकट जागेत रमणारी. त्यामुळं जेलमधलं इस्ट्राडायॉल रक्तात गेल्यावर चरबीतही मुरतं. औषध घेणाऱ्या बाईच्या रक्तातलं इस्ट्रोजेन चढतं, तसं चरबीतलंही चढतं, पोटाच्या कातडीखालच्या आणि आतड्यांभोवतीच्या, दोन्हीकडच्या. पण चरबी म्हणजे कणगी नव्हे, की एकदा भरली आणि झाकण लावलं. तिची रक्ताशी सतत देवाणघेवाण चालते. जेल थांबवलं की रक्तातली पातळी काही दिवसांत उतरते आणि चरबीतला मालही सावकाश परत निघतो.

आणखी एक, तुम्हाला विचारायचं असेल पण लाजला असाल. जेल मांडीला लावलं म्हणून मांडी फुगत नाही. ते कातडीतून बारीक रक्तवाहिन्यांत जातं आणि मग सगळ्या अंगभर.

‘बाई फुगते’ याचं काय? पन्नाशीनंतर वजन वाढतं ते मुख्यतः वयानं, स्नायू कमी झाल्यानं आणि, राग मानू नका, अंगणवाडीत दुपारपर्यंत बसून राहिल्यानं. पाळी जाण्याचा परिणाम वेगळा असतो. चरबी जागा बदलते. मांड्या-नितंबांवर बसणारी पोटात, आतड्यांभोवती जाऊन बसते आणि तीच साखर-बीपीला वाईट. इस्ट्राडायॉल होतं तोवर ते चरबीला मांडीकडं वळवत होतं. औषधानं ही सरक थोडी आवरते. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरातल्या पाहणीत हॉर्मोन घेणाऱ्या बायकांच्या पोटातली आतली चरबी न घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळली, आणि औषध सोडलेल्यांत तो फायदा टिकलेला दिसला नाही. म्हणजे हे वजन उतरवायचं औषध नाही, पण वजन वाढवायचंही नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत छाती भरल्यासारखी वाटते, पाय जरा सुजतात. ते पाणी असतं आणि बऱ्याच जणींचं ओसरतं.

कॅन्सरच्या भीतीला २००२ साल कारण आहे. त्या वर्षी अमेरिकेतली एक मोठी चाचणी मध्येच थांबवली आणि जगभरच्या पुष्कळ बायकांनी गोळ्या फेकल्या. त्यात १६,६०८ बायका होत्या, सरासरी वय ६३. गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि मेडरॉक्सीप्रोजेस्टेरॉन या दोन औषधांची एकत्र गोळी त्यांना दिली होती. दहा हजार बायकांत वर्षाला स्तनाचा कर्करोग औषधाविना ३० जणींना होत होता, औषध घेणाऱ्यांत ३८ जणींना झाला. आठ जणी जास्त. हे शून्य नाही आणि कुणी तुम्हाला शून्य आहे म्हणालं तर ऐकू नका. पण त्या बायका तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या होत्या आणि औषधही वेगळं होतं. पिशवी काढलेल्या बायकांना त्याच संशोधनात नुसतं इस्ट्रोजेन दिलं, तिथं स्तनाचा कर्करोग वाढला नाही. आज साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या बाईला, त्रास जास्त असेल आणि अडचणीचं दुसरं काही नसेल, तर हे औषध देणं योग्य मानतात. अडचणीचं म्हणजे स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली, हृदयविकार, पक्षाघात, यकृताचा चालू आजार, आणि कारण न कळलेला रक्तस्राव. शेवटचं पुन्हा वाचा.

गोळी न देता जेल का दिलं, हे तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी विचार केलेला दिसतो. पोटातून घेतलेली इस्ट्राडायॉलची गोळी आधी यकृतात जाते. तिथं तिचा मोठा भाग इस्ट्रोन होतो, रक्तात इस्ट्राडायॉलच्या साधारण पाचपट. जेलनं हे प्रमाण जवळपास सारखं राहतं, पाळीच्या वयातल्यासारखं. शिवाय गोळीनं यकृत रक्त गोठवणारी द्रव्यं जास्त बनवतं, आणि हॉर्मोनांना धरून ठेवणारं एक प्रथिनही. ते प्रथिन वाढलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन घटतं. टेस्टोस्टेरॉन बाईलाही लागतं, इच्छेसाठी, उमेदीसाठी. म्हणून काही जणी गोळीवर वाफांनी बऱ्या होतात आणि नवऱ्याच्या बाबतीत मात्र मन थंड झाल्याचं सांगतात. तुमचं वजन आणि बीपी बघता रक्ताच्या गाठीचा धोका टाळायला जेलच बरं.

चरबीतलं हॉर्मोन तपासायची टेस्ट विचारलीत. त्यासाठी चरबीचा तुकडाच काढावा लागतो. संशोधनात, दुसऱ्या कशाची शस्त्रक्रिया चालू असताना, परवानगीनं तो घेतात. उपचारासाठी त्याची गरज नाही. आणि ‘लेडीज हॉर्मोन पॅकेज’ म्हणून लॅबवाले जे रक्त तपासून देतात, त्याचीही ५२व्या वर्षी गरज नाही. तुमची पाळी गेली हे तुम्हाला फुकटात माहीत आहे. तो पैसा मॅमोग्राफीवर घाला.

राहिली नणंदबाईंची गोष्ट, आणि इथं मला थोडं थांबावंसं वाटतं.

त्यांना एकच गोळी पुरते, कारण वाढायला अस्तरच उरलेलं नाही. त्यांच्या बाबतीत ते बरोबर आहे. पण ३१व्या वर्षी त्यांची पिशवी का काढली हे त्यांना कुणी नीट सांगितलं का, विचारून बघा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. अंगावरून पांढरं जातं, पोटात दुखतं, एवढ्यावर ‘कॅन्सर होईल’ म्हणून पिशवी काढायची, त्यासाठी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दोन महिन्यांत पुन्हा कोयता हातात. मी स्वतः असे कागद पाहिलेत ज्यावर अंडाशय ठेवलं की काढलं एवढंही लिहिलेलं नव्हतं. बाईला विचारलं तर ती म्हणते, ‘काय काढलं ते मला काय म्हाईत, माय!’

नणंदबाईंच्या ऑपरेशनचा कागद शोधा. अंडाशयं त्याच वेळी गेली असतील तर त्यांचा कारखाना भर हंगामात बंद पडला. इतक्या लवकर इस्ट्रोजेन गेलेल्या बाईची हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. तिला ते औषध साधारण पन्नाशीपर्यंत, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत, लागतं. पत्रात त्यांचं आजचं वय नाही. पन्नाशीच्या आत असतील तर ‘कशाला घेते अजून’ म्हणून कुणी गोळी बंद करवत असेल तर करू देऊ नका. आणि अंडाशयं ठेवली असतील तरी पिशवी काढल्यावर ती पुष्कळदा काही वर्षं लवकर थकतात. दोन्हीकडून त्यांना एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवणं आणि हाडांची तपासणी करणं गरजेचं आहे. अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज केजहून जवळ पडतं.

तुम्ही मात्र कॅप्सूलला कंटाळून पिशवी काढायची नाही. गुंगी येते म्हणून अवयव काढणं, हे मी कागदावर लिहिताना मलाच विचित्र वाटतंय, पण आपल्या जिल्ह्यांत यापेक्षा किरकोळ कारणांनी काढलेल्या पिशव्या मी मोजल्या आहेत. नमुन्यात काही निघालं आणि डॉक्टरांनी कारण सांगून सुचवलं, तर तो वेगळा विषय. तेव्हाही दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आणि नणंदेची गोळी तुम्ही, तुमचं जेल तिनं, अशी अदलाबदल येळवशीच्या भज्जीसारखी करायची नाही.

वजनाचं दोनच वाक्यांत सांगते, कारण ते तुम्हाला सगळेच सांगत असणार. पाच-सात किलो उतरले तर गुऱ्हाळं कमी होतात, रक्तातलं इस्ट्रोजेन उतरतं, अस्तरावरचा भार हलका होतो, आणि वाफाही कमी होण्याची शक्यता असते. सोयाबीनबद्दल लातूर-उदगीरच्या बायका हटकून विचारतात. दारात पोती पडलेली असतात, सगळी मोंढ्यात जातात आणि घरात दाणा शिजत नाही. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखी कमजोर द्रव्यं असतात आणि काही जणींना वाफांत थोडा आराम पडतो. भाकरीच्या पिठात मूठभर टाका, चांगलंच आहे. जेलची जागा ते घेणार नाही.

तपासणी निर्धोक निघाली आणि जेल परत सुरू झालं, तर ते असं लावा. सकाळी अंघोळ झाल्यावर, अंग कोरडं करून मांडीला पसरून लावा, चोळत बसू नका, आणि छातीला कधीच लावू नका. हात साबणानं धुवा. जेल वाळू द्या, मग साडी नेसा. लावल्यानंतर तासभर तिथं पाणी किंवा तेल लागू देऊ नका. अंगणवाडीतली लेकरं तुमच्या मांडीवर येऊन बसत असणार. उघड्या कातडीवरचं ओलं जेल लेकराच्या अंगाला लागलं तर तेही आत जातं, म्हणून साडी मध्ये असू द्या.